आवाज गेला त्या हिवाळ्यात

एकतीस वर्षं मी देवळात गाणं उचलून धरलं.
आमच्या गावात ऑर्गन नाही.
डांबर फासलेल्या लाकडी भिंती, गवताचं छप्पर,
आणि माझा गळा.
पहिला सूर मी लावायचा, मग मंडळीने
ओल्या दोरासारखा तो सावकाश ओढायचा.
फेरो बेटांवरचा वारासुद्धा
त्रोंदूरपुढे हात टेकतो, असं लोक म्हणायचे.
मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.
ऐकलेलं असायचं.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी घशातून काहीतरी काढलं,
वाटाण्याएवढं.
त्याच्याबरोबर आवाजही गेला.

रविवारी मागच्या बाकावर बसलो,
स्तोत्रांची वही मांडीवर उघडी,
आणि पहिल्यांदाच दिसलं
की त्या ओळींना अर्थ आहे.

राकुलच्या स्वयंपाकघरात दर बुधवारी शास्त्र वाचतात.
मी कधी गेलो नव्हतो.
म्हणायचो, मला सगळं पाठ आहे.
पाठ होतं खरं.
पाठ फिरवलेलीही होती.

तिघंच जणं: राकुल, तिचा बहिरा होत चाललेला भाऊ एदुन,
आणि मासळीच्या कारखान्यातली लिगाया,
फिलिपिन्सहून आलेली, बोटांना कॉडचा वास.
ती आमची भाषा अडखळत वाचते,
एकेक शब्द, माशातला काटा काढून
बशीच्या कडेला ठेवावा तसा.
अडखळते म्हणून थांबते,
थांबते म्हणून विचारते.

"नव्याण्णव मेंढरं रानात सोडून गेला?
हा काय शहाणपणा?"

एदुन हसला. राकुलने कॉफी ओतली.

द्राक्षवेल मी पाहिलेला नाही, अंजीर फक्त डब्यातलं,
आमच्याकडे झाडच मुळी औषधाला.
पण कड्यावर अडकलेलं कोकरू
मला कुणी समजावून सांगायला नको.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात,
कळप खाली आणताना एक मागे राहिलं,
अर्ध्या कड्यावर, हातभर हिरव्या पट्टीवर.
दोर होता. माणसं होती. धुकं चढत होतं.
मी म्हणालो, एकच तर आहे, चला.
रात्रभर त्याचं ओरडणं वाऱ्यावरून येत राहिलं.
दुसऱ्या दिवशी रविवार.
फार सुंदर गायलो त्या दिवशी. सगळेच म्हणाले.

हे मी राकुलच्या टेबलाशी सांगितलं,
उरलेल्या कुजबुजीत.
एदुनला ऐकू गेलं नाही, म्हणून लिगायाने
त्याच्या कानाशी पुन्हा सांगितलं.
माझं पाप मी असं दोनदा ऐकलं,
दुसऱ्यांदा मोडक्या व्याकरणात:
"हा नाही गेला खाली. कोकरू होता एकटा."
कुणी काही बोललं नाही.
मग राकुल म्हणाली, पुढची ओळ वाच.

पुढच्या ओळीत तो ते खांद्यावर घेऊन येतो.

इतकी वर्षं वाटायचं, मी वर उभा, दोर धरून.
त्या बुधवारी कळलं, मी खाली होतो,
हातभर पट्टीवर,
एकतीस वर्षं सुरात ओरडत.

विश्वास वाढतो म्हणजे काय, मला अजून सांगता येत नाही.
झाडासारखा म्हणावं तर झाडं कुठे आहेत?
छपरावरच्या गवतासारखा असेल:
वर वारा, खाली बर्चची साल, मधे वीतभर माती,
तेवढ्यावर ते धरून राहतं.
आता बुधवार चुकवत नाही.
चष्मा, पेन्सिल, समासात प्रश्न.
काहींना उत्तरं आली. काहींवर कॉफी सांडली.

गेल्या रविवारी नव्या पोराने सूर फार वर लावला.
मंडळी धडपडली.
पूर्वी मी डोळे मिटून घेतले असते.
मी तोंड उघडलं.
कुत्र्याने दार खरवडावं तसा आवाज निघाला.
वाटलं, लिगाया वळून बघेल.
ती गात होती, काटे काढत काढत.

मीही खरवडत राहिलो.
दार कुणाचं, ते आता माहीत होतं.