दहाचा काना

उमरग्याच्या पुढे डांबर संपतं तिथं आमची शाळा.
दोन खोल्या, एक लिंब आणि बिराजदार गुरुजी.
गणित चुकलं की पाठीत धपाटा.
एका चुकीला एक,
हातचा विसरला तर दोन.
गुरुजींचा हिशेब चोख, उधारी ठेवत नसत.

शनिवारची सकाळची शाळा.
खिचडी शिजवणारी चंद्रभागा मावशी
दाराशी तांदूळ निवडत बसलेली,
पगाराला अंगठा लावणारी,
पण चिपटं, मापटं, पायली सगळं तोंडावर.
म्हणाली, "गुरुजी, दोन नळांनी हौद भरूभरू
लेकरं दमली की हो.
आपल्याकडं नळ कुठं हाय? टँकर, त्यो बी मंगळवारी.
आज माझं एक हुमाण घाला."

आणि सुपावर ठेका धरून घातलंच तिनं :

आमी जितके, तितके पाव्हणे,
पाव्हण्यांच्या निम्मी पोरं,
वाढणारी मी धरून मोजा,
सव्वीस ताटं म्होरं.
आमी किती ते पाटीवर लिवा,
आकड्यात नको, अक्षरात;
काना तेवढा जपून काढा,
न्हाईतर पडंल ताटात.

गुरुजींचे ओठ हलू लागले.
मुस्तफाची बोटं संपली, त्यानं शेजारच्याची मागून घेतली.
मला उत्तर आलं होतं, शपथ.
पण सकाळपासून पोटात नुसता चहा,
आणि स्वयंपाकखोलीकडून लसणाचा वास.
द लिहिला, बरोबर.
ह लिहिला, बरोबर.
मग सरळ उभा राहायचा तो काना
मान वळवून मागं बघायला लागला.

गुरुजींनी पाटी उचलली, मोठ्यानं वाचलं :
"दही?"
लिंबावरचे कावळेसुद्धा हसले.
गुरुजींचा हात वर गेला,
"धपाटा!"
मारण्याआधी सांगायची त्यांची पद्धत होती.

"थांबा," मावशी सूप ठेवून उठली.
"मारलालाव कशाला? हुमाण माझं, तपासनार बी मीच.
दही त्यानं लिवलं, धपाटा तुमी म्हनलाव.
आता झालं की उत्तर पुरं."
आणि तिनं फडकं सोडलं.
ज्वारीचे, तीळ थापलेले, कडेला जरा करपलेले,
मोजून दहा.
शेजारी दह्याचं लोटकं.

वर गेलेला हात कधीतरी खाली यायचाच,
तो आला धपाट्यावर.
तोडता तोडता गुरुजींमधला मास्तर जागा झाला.
"पोरं अडतीस, मी एक, मावशी एक,
धपाटे दहा.
प्रत्येकी किती?"
कोणी बोलेना. मग स्वतःच फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या :
प्रत्येकी पाव.
मागच्या रांगेतून निलावती उठली,
"गुरुजी, पाव न्हाई ओ. धपाटंच हाय."

सोमवारी मुस्तफाचे सात आठे चुकले.
गुरुजींनी हात उचलला, म्हणाले, "धपा..."
आणि अख्खा वर्ग वळून
स्वयंपाकखोलीच्या दाराकडं बघू लागला.
हात तसाच गेला, डोकं खाजवून परत आला.
त्यानंतर धपाट्यांचा भाव फार पडला.
कधीकधी वाटतं, मावशीला दह्यापेक्षा
हेच गणित सोडवायचं होतं.
विचारलं नाही. तिनं सांगितलंही नसतं,
"तांदळातले खडे बघ" म्हणाली असती.

आता लातूरला पतपेढीत असतो.
आकडे चुकत नाहीत, अक्षरांचा भरवसा नाही.
परवा जेवणाच्या सुट्टीआधी एक चेक लिहिला,
तो परत आला.
साहेबांनी चष्मा काढून समोर धरला :
अक्षरी रुपये दही हजार फक्त.

काय सांगणार?
म्हटलं, साहेब, काना आहे,
अजून मागं वळून बघतो.