केसांचं पोतं

रविवारी रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठलं
की मी झाडू घेतो
आणि तांदळाच्या रिकाम्या पोत्यात केस भरतो.
काळे, पांढरे, मेंदी उतरलेले तांबूस,
एका कंपनीवाल्या पोराचे मधेच निळे.
कर्वेनगरच्या दोन गल्ल्यांची डोकी
सोमवारी पहाटे, स्वारगेटहून वेल्ह्याच्या पहिल्या एस्टीत,
माझ्या पायाशी बसून गावाला जातात.
काय आहे यात? कंडक्टर विचारतो.
मी म्हणतो, राखण.

आमच्याकडं जमीन नाही, कात्री आहे.
जमीन नथू रेणुशाकडं : बावीस गुंठे भुईमूग,
भोवती त्याच्या बायकोच्या जुन्या साड्यांचं कुंपण.
आम्ही दोघं बांधानं वाकून चालतो,
पेरल्यासारखे केस टाकत जातो.
डुक्कर नाकानं वाचत येतं, नथू सांगतो.
केस हुंगला की शिंकतं,
माणूस जागा आहे असं समजून मागं वळतं.

तीन वर्षं समजलं.

नथूच्या बापाकडं ठासणीची बंदूक होती.
शिमग्याच्या आधी समोरच्या टेकडीवर हाका उठायचा,
पत्र्याचे डबे, कुत्री, घसे फुटेस्तोवर आरोळ्या.
संध्याकाळी पळसाच्या पानांवर वाटे पडायचे,
एक बारक्या पोराच्याही नावाचा,
त्यानं नुसता डबा वाजवलेला असला तरी.
माझ्या आज्याला पाठीचे राठ केस मिळायचे.
त्यांचा ब्रश करायचा तो, दाढीचा साबण फेसाळायला.

टेकडी आता विकली.
सोळा प्लॉट, काटेरी तार, मोठी कमान.
कमानीवर नाव : मृगया.
राहायला कुणी येत नाही.
एक वॉचमन आहे, तो संध्याकाळी पाचला दार लावून घेतो
आणि मोबाईलवर कुस्त्या बघतो.
आत घाणेरी माणसापेक्षा उंच झालीय.
तिच्या पोटात माद्या वितात, सहा, आठ,
पाठीवर पट्टे असलेली पिलं,
कुणीतरी ओल्या कंगव्यानं भांग पाडल्यासारखी.
दिवसा ती मालकीच्या जागेत असतात.
रात्री आमच्याकडं.

वनखात्याचा माणूस आला. सभ्य होता.
खुरांजवळ पेन ठेवून फोटो काढले,
चहा घेतला, साखर कमी.
मारायचं असेल तर अर्ज करा, म्हणाला.
अर्ज केला.
परवानगीचा कागद आला तेव्हा
शेतात फक्त उलथलेली माती होती
आणि बंदूक चौकीत,
मागच्या निवडणुकीला जमा केलेली.
तशीही त्याला ती पेलली नसती.
त्याची दाढी मीच करतो,
हनुवटी किती हलते मला ठाऊक आहे.

काल रात्री माळ्यावर बसलो होतो दोघं.
विडी नाही, बोलणं नाही.
दोनच्या सुमाराला साडी हलली,
वारा नसताना, ती जांभळी, काठाची.
मग शेंगा फोडल्याचा आवाज,
थेट मंगलकार्यातली पंगत.
मी बॅटरी मारली.
अकरा मोजले, मग मोजणं सोडलं.
पुढचा सुळेवाला दहा पावलांवर
मान वर करून उजेडाकडं बघत राहिला.
त्याच्या ओल्या नाकाला केस चिकटले होते,
माझ्याच दुकानातले,
त्यातला एक निळा.

शिंकला नाही.

नथू माझ्या कानाशी म्हणाला,
बघ, तुझं गिऱ्हाईक आलं.
आणि हसायला लागला,
इतका, की माळा करकरला,
आणि तरीही कुणी पळालं नाही.

आज मंगळवार. खुर्चीत एक साहेब,
गळ्याभोवती पांढरं कापड.
वेल्ह्याकडं जागा घेतलीय, म्हणतात, छान टेकडी आहे,
तुमचं गाव तिकडचंच ना?
तिथं प्राणी वगैरे दिसतात का हो?

दिसतात, म्हटलं.
मान जरा खाली घ्या.