मार्लिस केट्टुनेनची फाइल

सोमवारी साडेचारलाच अंधारलं होतं,
डुलूथला डिसेंबरात अंधारतंच,
आणि मार्लिस केट्टुनेन बुटांवरचं मीठ झटकत
माझ्या टेबलासमोर बसली.
मीठ रस्त्यावरचं. आमचं तळं समुद्राएवढं, पण गोडं.

फाइल तिनं दोन्ही हातांनी पुढे केली,
गरम भांडं द्यावं तशी.

सगळ्यात वर एकोणनव्वद सालचं गुणपत्रक,
कधीच बंद पडलेल्या कॉलेजचं,
सरकारी दप्तरातून बारा डॉलर भरून मागवलेलं.
बीजगणित, बी. इंग्रजी लेखन, ए वजा.
टंकलेखन, ए. हे आता कुणी धरत नाही, मी म्हटलं.
आणि पुढच्या सत्रात, एकाखाली एक, चार डब्ल्यू.
डब्ल्यू म्हणजे सोडलं.
का सोडलं, याला रकाना नाही.
‘त्या हिवाळ्यात वडिलांची खाण बंद झाली,’ ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघितलं,
जणू खाण तिथेच होती, पार्किंगमध्ये.

नंतरची एकोणीस वर्षं अँब्युलन्सच्या फोनवर.
रात्रपाळी.

आमच्याकडे नियम आहे,
काय केलंत ते नको, काय शिकलात ते लिहा.
दर विषयाला तीनशे शब्द.
केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत
हे इथे सिद्ध करावं लागतं, दोन प्रतींत.
तसं इथे ऊन तरी कुठे.
तिचे पिकलेत ते हेडसेटच्या पट्ट्याखाली,
तेवढीच एक रेघ, या कानापासून त्या कानापर्यंत.

तिनं लिहिलं होतं,
‘मी शिकले, माणूस ओरडत असेल तर पत्ता विचारू नये.
दारातून बाहेर काय दिसतंय ते विचारावं.
मी शिकले, सहा वर्षांच्या मुलाला मोजता येतं.
त्याला सांगावं, आईची छाती वर आली की एक म्हण.
आणि तो पुढचा आकडा म्हणेपर्यंत
आपण काही बोलायचं नाही.
मी शिकले, फोन ठेवला की दुसरा वाजतो
आणि त्या माणसाला पहिल्याचं काही माहीत नसतं.’

असं दोन पानं. मी शब्द मोजले.
दोनशे एकोणसत्तर.
नियमाप्रमाणे परत पाठवायला हवं होतं.
‘आणखी होतं,’ ती म्हणाली, ‘पण ते अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं.’

संवादकौशल्य भाग एक, तीन.
त्याच्या पुस्तकात चौथं प्रकरण आहे, ‘ऐकणे’. नऊ पानांचं.
बीजगणित, धूळ झटकून, चार. लेखन तीन.
ताणाचं व्यवस्थापन, दोन.
आपत्कालीन सेवेचं प्रमाणपत्र, नऊ.
शरीररचना नाही. प्रयोगशाळा झालेली नाही,
आणि फोनवरून ऐकलेलं शरीर आम्ही धरत नाही.
चार डब्ल्यूंचं काहीच नाही.

श्रेय आणि श्रेयांक,
मध्ये फरक तो एका अंकाचा.
अंक माझ्या हातात असतो, पेन्सिलीनं लिहायचा,
श्रेयाचं मला काही माहीत नाही.
ते तो मोजणारा पोरगा घेऊन गेला असेल.
आता बाविशीचा असेल, इथेच कुठेतरी,
कदाचित आमच्याच एखाद्या वर्गात मागच्या बाकावर
चौथं प्रकरण न वाचता बसलेला.

एकवीस, मी सांगितलं. साठ लागतात.
वाटलं, आता भांडेल. अर्ध्या अंकासाठी भांडतात लोक.
तिनं माझीच पेन्सिल घेतली, वजाबाकी केली,
हातचा नीट लिहून.
‘शरीररचनेचा वर्ग कधी असतो?’
मंगळवार-गुरुवार, सकाळी आठ.
‘माझी पाळी सातला सुटते,’ ती म्हणाली,
आणि कोटाची बटणं खालून वर लावत गेली.

दारात थांबली.
‘ते एकतीस शब्द मागाहून पाठवले तर चालतील?’
तीन तर मिळाले, आता कशाला?
‘तीनसाठी नाही.’

बाहेर नांगरगाडी बर्फ कडेला लोटत होती.
फाइल मी अजून कपाटात टाकलेली नाही.