नळ बंद होईपर्यंत

शाळेला वेगळा हॉल नाही.
जेवणाची टेबलं भिंतीला लावली की तिथंच रंगमंच,
आणि ज्या खिडकीतून मी बाराला बटाटे वाढते
तिच्यातून मला दहालाच कविता ऐकू येतात.

टेगवेन बाईंनी पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं:
कविता मला म्हणून दाखवायची नाही. मला पाठ आहे.
त्या तिकडे मिसेस प्रॉसर बटाटे सोलतायत, नळ सुरू आहे,
त्यांना ऐकवा. ओरडायचं नाही.
त्यांनी आपणहून नळ बंद केला, की समजायचं पोचली.

मला कुणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरभर मग एक राखी बगळा
माझ्या सिंककडे उडत यायचा
आणि वाटेतच पडायचा.
ग्विऑनच्या घरी इंग्रजीच. त्याचा वेल्श बगळा
रेल्वेच्या घोषणेसारखा, कुठल्याच फलाटावर न थांबणारा.
जुळ्यांनी म्हटला एकमेकींच्या पुढे धावत.
मॅक्सेनला त्याची आई आरशासमोर उभं करते:
'नदी' म्हटलं की हाताची लाट, 'मन' म्हटलं की छातीवर हात,
आणि बगळ्यासाठी तर अख्खा एक पाय वर.
बाई म्हणाल्या, छान. आता हात खिशात.
हात खिशात गेले,
आवाजही त्यांच्या मागोमाग आत गेला.

भांडी विसळता विसळता मीही शिकले:
ओळ संपली म्हणून श्वास संपत नाही.
स्वल्पविराम म्हणजे उंबरठा, अडखळायचं नाही, पाऊल उचलायचं.
आणि 'थांबला' या शब्दानंतर खरंच थांबायचं.
किती, बाई? दोन मोजू? तीन?
मासा येईपर्यंत.

हेलेदच्या फ्रॉकला खिसा नव्हता.
सहा वर्षांची, स्लेटच्या खाणीवरच्या वस्तीतली.
हात तिनं मागं बांधले, पुढं बांधले,
शेवटी रडकुंडीला येऊन खिडकीशी आली.
मी ॲप्रन सोडून दिला. तिच्या घोट्यापर्यंत आला तो.
खिशात हात घातला नि तिचा चेहरा बदलला:
आत काहीतरी होतं.
सुतळी असेल, लसणाची पाकळी असेल, मलाही आठवेना.

ते चाचपत ती बोलू लागली.
बगळा नदीत उतरला. पाणी गार होतं.
बगळा थांबला.

आणि हेलेदही.

बाईंचे ओठ पुढच्या शब्दाचा आकार करून
तसेच राहिले. शब्द दिला नाही त्यांनी.
तिच्या वयाची असताना मीही चॅपलमध्ये अशीच मध्येच थांबले होते,
आणि तीन बायकांनी एकदम पुढची ओळ फेकली होती माझ्याकडे,
बुडणाऱ्याला दोर फेकावा तशी.
मी बुडत नव्हते. बघत होते.
त्यानंतर कधी काही म्हटलं नाही.

ती विसरली होती की वाट बघत होती,
मला अजून सांगता येणार नाही.
मग मासा आला, इतका हळू
की नळाच्या आवाजात तो ऐकू यायलाच नको होता.

बघते तर माझा हात तोटीवर,
कधी गेला कोण जाणे.

त्या दिवशी जेवण पंधरा मिनिटं उशिरा.
ॲप्रन अजून परत आलेला नाही.