फळा पुसणाऱ्याचं म्हणणं

पोतोसीत, डोंगराच्या पायथ्याशी,
खाण-विद्यालयाच्या चार नंबरच्या वर्गात
एकतीस वर्षं मी फळा पुसतोय.
कोण काय शिकवून गेलं
ते मला फडक्यावरून कळतं.
काहींचं पुसायला दोन बादल्या पाणी लागतं
आणि पोरांच्या वह्या कोऱ्या.

नीव्हेस कोल्के बाई ऑगस्टात आल्या,
थंडी हाडात शिरते तेव्हा.
विषय : खाणीतली खेळती हवा.
पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी, पहाटे सहाला,
रिकाम्या बाकांसमोर उभ्या होत्या,
हातात अडतीस कागद, तोंडातून वाफ.
मी मागे झाडत होतो.
वाक्यं एवढी लांब
की क्रियापद यायच्या आत त्यांना धाप लागायची.
खाली सांता क्रूझला शिकलेल्या त्या,
तिथं हवा फुकट मिळते, आणि भरपूर.

"कळलं का?" त्यांनी भिंतीला विचारलं.
मग मी दिसलो,
म्हणून मला विचारलं.

गालातली कोकाची पानं मी दुसऱ्या गालात सरकवली.
म्हटलं, बाई, चार हजार मीटरवर
लांब वाक्य परवडत नाही.
आत होतो तेव्हा आम्ही तीनच शब्द बोलायचो :
थांब. वास. बाहेर.
त्या तिनांवर मी आज जिवंत आहे.
माझा भाऊ इनोसेन्सिओ
चौथ्याची वाट बघत राहिला.

त्या काही बोलल्या नाहीत.
स्टोव्हजवळ बसून पेन्सिलनं खोडू लागल्या.
दुपारी अडतीसाचे अकरा झाले होते,
दिवे लागेपर्यंत चार.
मग मला म्हणाल्या, एलेउतेरिओ, बसा.
पहिल्या बाकावर बसवलं, मग खिडकीपाशी,
मग कोपऱ्यात, खांबाच्या आड.
इथून ऐकू येतं? आणि इथून?
एकतीस वर्षांत त्या वर्गात मी पहिल्यांदाच बसलो.
खांबामागून फळ्याचा डावा भाग दिसत नाही.
हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस पोरं, पाच पोरी.
निम्मी रात्रपाळी करून आलेली,
भुवयांत अजून राखाडी धूळ.
मी दारात, बादलीसकट.
बाईंचा पहिला शब्द घशात अडकला,
दुसरा नीट आला.
आणि तेवढ्यात, पुढच्याच बाकावर, व्हिदाल झोपला.
आमचे जुने प्राध्यापक अशा वेळी खडू मारायचे.
बाईंनी आवाज चढवला नाही.
काचेची पेटी टेबलावर ठेवली,
आत मेणबत्ती लावली, झाकण बंद केलं,
आणि गप्प राहिल्या.

किती वेळ, मला सांगता येणार नाही.
ज्योत बारीक झाली, निळी झाली.
अठ्ठेचाळीस जण तिच्याकडे बघत राहिले,
नव्हे, सत्तेचाळीस.
त्या शांततेनंच व्हिदाल दचकून उठला,
खाणीत शांतता झाली की उठावंच लागतं.
ज्योत गेली.
तो अर्धवट झोपेत म्हणाला, "भोक पाडा की."
"कुठे?"
"वर."
"नुसतं वर?" मागून एक पोरगी ओरडली, "खालनं आत काय येणार, तुझी आजी?"
मग जो गलका झाला!
तेव्हा कुठे बाईंनी खडू उचलला.

चौथा कागद त्या साफ विसरल्या.
व्हिदालनं विचारलं, बोगदा अर्ध्यातच वळला तर?
म्हणाल्या, नक्की माहीत नाही, गुरुवारी सांगते.
घंटा झाली तेव्हा त्यांचं वाक्य अर्धंच होतं,
ते त्यांनी तसंच सोडून दिलं.

फळ्यावर एक चौकोन,
दोन भोकं, एक बाण. सगळं उजवीकडे.
पुसलं मी. काम ते काम.
फडकं नीट ओलंसुद्धा झालं नाही.

खोडलेले चौतीस कागद माझ्याकडे आहेत,
स्टोव्ह पेटवायला बरे पडतात.
पेटवण्याआधी मी एकेक वाचतो.
चुकीचं असं त्यात काहीच नव्हतं.