उकडलेलं बी

मेकुबुरीत पोर्तुगीज साहेबाने
कापसाचं बी वाटलं.
अतिजाने ते रात्री उकडलं,
सकाळी ओळीने पेरलं,
सगळ्यांदेखत.

पंधरवड्याने मुकादम माती उकरत बसला.
ती म्हणाली, जमीनच नको म्हणते,
मी कोण तिला सांगणारी?

कितीतरी वर्षांनी
रोवुमा ओलांडून नसुरू आला,
पाठीवर पत्रकं, तोंडात मोठे शब्द:
माणूस. इतिहास. मुक्ती.
अतिजा शेंगा सोलत ऐकत राहिली.
शेवटी विचारलं,
तुमचं राज्य आल्यावर
बी कोण वाटणार?

नसुरूने पत्रक चाळलं.
पुन्हा चाळलं.

तिने त्याला पोटभर वाढलं,
तो दिसेनासा होईतो दारात थांबली,
मग ते काळं पातेलं
घासून
परत आढ्याला टांगलं.