कोणालाच नाही

दारव्ह्याबाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
आमचं सातवं विज्ञानकथा संमेलन भरलं.
माणसं त्रेसष्ट, खुर्च्या चाळीस,
बाकीचे वजनकाट्याच्या ओट्यावर.
एका पोरानं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घातलेलं,
अध्यक्षांच्या भाषणात तो आतल्या आत शिंकला
आणि त्याचा अख्खा ग्रह धुरकट झाला.

कालप्रवासावरचा परिसंवाद रंगात आला होता,
तेवढ्यात मागून कोणी ओरडलं,
'आटपा बाप्पा, आर्णीची शेवटची गाडी साडेपाचले हाय!'
वक्ते म्हणाले, थोडक्यात सांगायचं तर
मागे जाता येत नाही.
आणि खाली बसले.

मी मतं मोजतो.
गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे,
माझ्या हाताखाली कोणी बिथरत नाही, असा लोकांचा समज.
छापील मतपत्रिका परवडत नाहीत,
म्हणून माणशी दोन सरक्या,
एक कथेला, एक कादंबरीला.
प्रत्येक नावाचा एक डबा, डालड्याचा, झाकणाला भोक.
आणि रांगेत शेवटी, नियमानुसार,
'कोणालाच नाही'.

हा नियम शेषराव निस्तान्यांचा, पहिल्या वर्षापासूनचा.
'कच्च्या पुस्तकाले बक्षीस देल्यापरीस
रिकामा हात बरा,' ते म्हणत.

कथेचं बक्षीस रंजना मडावीला.
अंगणवाडीत असते, कळंबकडे.
तिच्या कथेत मंगळावर जनगणना होते,
एक म्हातारी मातृभाषा सांगते, गोंडी,
यंत्रात तसा रकानाच नसतो,
आणि म्हातारी गेल्यावरही चारशे वर्षं
यंत्र विचारत राहतं: पुन्हा सांगा.
नईम खराद्यानं जिनाच्या जुन्या शाफ्टातून कातलेलं यान,
थोडं कलतं,
रंजनानं दोन्ही हातांवर घेतलं, किंचित वर-खाली केलं.
'तीन किलो दोनशे,' म्हणाली, 'वजन चांगलं हाय.'

कादंबरी यंदा एकच होती.
शेषरावांची. शाळेच्या रजिस्टरांत चारशे बारा पानं,
निळ्या शाईत, मग हिरव्या, मग पेन्सिलीनं.
दोन वर्षं ती हातोहात फिरली;
कोणाच्या घरी तिच्यावर चहाचा कप ठेवला गेला,
सूर्य विझतो त्या पानात कोणाचं तरी वीजबिल राहून गेलं.
मी तीनदा मोजलं.
शेषराव, एकतीस.
कोणालाच नाही, बत्तीस.

पत्र्यावरून खार पळाली, तेवढाच आवाज.
मग एकच गलका: फेरमोजणी! फेरमोजणी!
वळून पाहतो तर चौकीदाराची म्हैस,
डबे आडवे,
बत्तीस आणि एकतीस एकाच तोंडात.
सगळ्यांत आधी शेषराव हसले.
आणि सगळ्यांचं हसून झाल्यावरही थोडा वेळ, एकटेच.

रात्री रोडगे खाऊन निघालो.
लुनावर मी, मागे ते, मांडीवर रजिस्टरं.
तुरीच्या वावरांतून गारठा अंगावर येत होता.
वर आभाळ होतं, सगळंच्या सगळं,
पण त्या रात्री दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.
लाडखेडच्या अलीकडे त्यांनी विचारलं,
'पुरी वाचली होती काय तू?'
'हाव.'
'मंग कोणतं पान?'
मी वेग कमी न करता सांगितलं,
'तीनशे आठ.'

बराच रस्ता गेला.
'तेथी मी थकलो होतो,' ते म्हणाले.
'मले वाटलं, दिसनार नाई.'

पुढच्या खड्ड्यात त्यांच्या खिशातली पेन्सिल उडाली.
लुना उभी केली, दिवा चालू ठेवून,
आणि गवतात दोघंही गुडघ्यांवर शोधत राहिलो.